पेन्शनीवर उभं राहिलेलं गाव

मुंबई-गोवा हायवेनं महाडकडे येताना, शहराच्या पाचेक मैल अलीकडे दासगाव लागतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सावित्रीची खाडी. गावाचं नाव बाहेरच्यांना आठवतं ते जुलै २००५ मधल्या दरडीमुळे. त्याआधीचं दासगाव शोधायचं असेल, तर माझ्या माहितीत एकच चांगली वाट आहे: कॉम्रेड आर. बी. मोरे यांचं आत्मचरित्र.

हे पुस्तक मराठीत २००३ साली आलं, 'दलित व कम्युनिस्ट चळवळीचा सशक्त दुवा' या नावाखाली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी आयुष्याच्या अखेरीस आपली हकिकत लिहायला घेतली आणि ती अर्धीच राहिली. १९७२ साली ते गेले. पुढचं चरित्र त्यांच्या मुलानं, सत्येंद्र मोरे यांनी लिहिलं. २०१९ मध्ये वंदना सोनाळकर यांचा इंग्रजी अनुवाद अनुपमा राव यांच्या संपादनाखाली आला आणि त्यानंतर इंग्रजी वाचणाऱ्यांत पुस्तकाची बरीच चर्चा झाली. ती बहुतेक 'जात आणि वर्ग' या मुद्द्यावर होती. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक, आंबेडकरांचे सहकारी, पुढे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेलेले मोरे: चर्चा व्हावी असंच हे आयुष्य आहे.

मला मात्र या पुस्तकाचा सुरुवातीचा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. तो एका सैनिकी वस्तीचा इतिहास आहे, आणि माझ्या मते इंग्रजांच्या फौजेत गेलेल्या माणसाच्या घराचा इतिहास कसा लिहावा, याचा मराठीतला एक फार चांगला नमुना आहे.

दोन फौजी गावं

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात. घर मराठ्यांचं, पणजोबा दुसऱ्या महायुद्धात गेलेले. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी 'आपल्या घराण्याचा इतिहास' उफाळून येतो. त्याचा साचा ठरलेला असतो. आधी तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ, कारण ते आमच्याच तालुक्यात. मग थेट पणजोबांचा गणवेशातला फोटो. मधली तीनशे वर्षं गायब. फोटोखाली कोणती पलटण, कोणती लढाई, कोणतं पदक यावर वाद. पणजोबा परत आल्यावर काय झालं, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. ते आपल्या घरी आले, आपल्या ओटीवर बसले, आपल्या विहिरीचं पाणी प्यायले.

महाड तालुक्यात 'फौजी आंबवडे' नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरांतून माणसं सैन्यात गेली आणि 'फौजी' हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला. त्या गावाचा अभिमान रास्तच आहे. पण त्याच तालुक्यातलं दासगाव हेही फौजी गाव होतं, आणि त्याच्या नावामागे कुणी 'फौजी' लावलं नाही. तिथे राहायला आले ते महार पलटणींतले पेन्शनर.

दासगावच का, याला कारण आहे. १७५६ साली पेशव्यांशी झालेल्या तहात बाणकोटचा किल्ला आणि आसपासची काही गावं ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. त्यांत दासगाव होतं. म्हणजे रायगड इंग्रजांनी घेतला मे १८१८ मध्ये. त्याच्या साठ वर्षं आधीपासून खाडीकाठचा हा तुकडा कंपनीचा होता. चारी बाजूंना पेशवाई आणि मध्ये कंपनीचं बंदर. सरहद्द म्हणावी तर अशी.

परत न गेलेली माणसं

इंग्रजीत 'फ्रंटियर सेटलर'च्या घराण्यांचे इतिहास ढिगानं मिळतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, कुठेही बघा. एक सैनिक साम्राज्यासाठी लढतो, निवृत्त होतो, त्याला सरहद्दीवर जमीन मिळते. तो झाडं तोडतो, कुंपण घालतो, आणि त्याचे पणतू त्याच्या नावानं पुस्तक छापतात. त्या पुस्तकात जमीन बहुधा 'रिकामी' असते. तिथे आधी राहणारे लोक तळटीपेत जातात.

दासगावचा पेन्शनर हाही साम्राज्यासाठी लढलेला आणि नव्या जागी वसलेला माणूस. पण त्यानं कुणाला हुसकावलं नाही. त्याला स्वतःच्याच मुलखात, स्वतःच्या मूळ गावापासून फार लांब नसलेल्या ठिकाणी 'वसाहत' करावी लागली. त्याची सरहद्द म्हणजे गावकूस.

हा एकट्या दासगावचा प्रकार नाही. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. सुभेदार रामजी सकपाळ यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. तेही निवृत्तीनंतर दापोलीच्या कँपात आले, पुढे साताऱ्याला गेले. सुभेदार होऊन मूळ गावी राहायला का जायचं नाही?

कारण गावात त्यांच्यासाठी एक जागा आधीच ठरलेली होती. वतनदार महार म्हणजे चोवीस तासांचा नोकर. सरकारी टपाल पोचवायचं, साहेबाचं सामान वाहायचं, मेलेली जनावरं ओढायची. मोबदला म्हणून तुकडाभर वतनी जमीन आणि घरोघरचं बलुतं. या वतनाच्या जाचाविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं, आणि ती वतनं कायद्यानं रद्द व्हायला पन्नासचं दशक संपत आलं. ज्या माणसानं पलटणीत हुकूम सोडले, त्यानं गावात परतून पाटलाच्या हाकेला 'जी' म्हणायचं, असा तो व्यवहार.

पेन्शनीनं नेमकं इथे काम केलं. बलुतं धान्यात मिळे आणि ते देणं गावाच्या मर्जीवर असे. गाव रुसलं की चूल बंद. पेन्शन रोख येई, महिन्याच्या महिन्याला, आणि ती बंद करणं पाटलाच्या हातात नव्हतं. शेकडो वर्षांत त्या घरात आलेलं हे बहुधा पहिलं असं उत्पन्न, ज्याच्यासाठी गावातल्या कुणापुढे वाकावं लागत नव्हतं. दासगावचं वेगळेपण मला इथे दिसतं. पुस्तकातलं गाव वाचताना जाणवतं की तिथली माणसं बोलतात, भांडतात, अर्ज लिहितात, मुलांना शाळेत घालतात. ही शौर्यातून आलेली ऐट नाही. गावाच्या उपकारावर पोट अवलंबून नसलं की माणूस जसा ताठ बसतो, तसं ते बसणं आहे.

तलवारीऐवजी पाटी

पेन्शनीबरोबर दुसरी गोष्ट आली ती शिक्षण. कंपनीच्या फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्याची सक्ती होती, आणि अस्पृश्यांत अक्षरओळख शिरली ती या दारातून, हे आंबेडकरांनी स्वतः मांडलं आहे. रामजी सकपाळ सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते. वलंगकर पलटणीतून बाहेर पडले ते लेखणी घेऊनच: १८८८ च्या सुमारास त्यांनी 'विटाळ विध्वंसक' काढलं आणि धर्माच्या ठेकेदारांना छापील २६ प्रश्न विचारले. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा बोर्डातले सवर्ण सभासद नाराज झाले. शेजारी बसायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

मोरे या साखळीतली पुढची कडी. जन्म १९०३ चा, लाडवलीचा, घर दासगावचं. शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालेला हा मुलगा महाडच्या इंग्रजी शाळेत गेला, तर त्याला प्रवेश नाकारला. त्यानं तक्रारीचं पत्र लिहिलं. प्रवेश मिळाला, पण बसायचं वर्गाबाहेर.

हा प्रसंग अनेक लेखांत 'अन्याय' म्हणून सांगितला जातो, आणि तो अन्याय आहेच. पण मला त्यातलं पत्र महत्त्वाचं वाटतं. दहा-अकरा वर्षांच्या पोराला हे सुचतं कसं, की नकार आला की कागद काढायचा? पेन्शनरांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला ते सुचतं. तिथे पेन्शन अडली की अर्ज, नाव चुकलं की अर्ज. सरकार नावाची गोष्ट लेखी विचारलं तर उत्तर देते, निदान द्यायला बांधील असते, हे त्या घरांना माहीत होतं. मोऱ्यांना वारशात मिळाली ती ही रीत.

अर्जातला इतिहास आणि आठवणीतला इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे दार बंद झालं. इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात 'लढवय्या जाती'चा सिद्धांत बसला आणि महारांची भरती थांबली. दोन-तीन पिढ्यांचा आधार गेला. मग अर्ज सुरू झाले. १८९४ साली वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून निवेदन तयार केलं. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ पर्यंत मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

या अर्जांत घराण्याचा इतिहास पुरावा म्हणून येतो. आमच्या पूर्वजांनी अमुक लढाईत रक्त सांडलं, म्हणून आम्हाला घ्या. वलंगकरांच्या निवेदनात तर 'आम्ही मूळचे क्षत्रिय' असाही दावा आहे. अर्ज म्हणून हे समजण्यासारखं आहे. समोरचा साहेब जात बघून भरती करत असेल, तर त्याला त्याच्याच भाषेत सांगावं लागतं. पण त्यात एक सापळा आहे. माणूस म्हणून हक्क मागायच्या ऐवजी शूर म्हणून मागितला, की जो शूर नव्हता त्याचं काय, हा प्रश्न उरतो. ज्याचा आजा कधी पलटणीत गेला नाही, जो आयुष्यभर येसकरकी करत राहिला, त्याच्या नातवानं तळ्याचं पाणी कोणत्या पुराव्यावर मागायचं?

मोऱ्यांचं लेखन मला इथे वेगळं वाटतं. त्यांच्यासमोर साहेब नाही, त्यांना भरती व्हायचं नाही, आणि ते कम्युनिस्ट आहेत. त्यामुळे फौजी वारसा त्यांच्या पानांवर येतो तो एका वस्तीच्या राहणीमानाचा भाग म्हणून. कोण कुठे नोकरीला होतं, पेन्शन कुणाला होती, शाळा कशी होती, नातीगोती कशी होती. सैन्यातली नोकरी ही नोकरी आहे. तिनं काय मिळालं आणि काय मिळालं नाही, एवढंच. साम्राज्याच्या चाकरीबद्दल ते छाती फुगवत नाहीत आणि मान खालीही घालत नाहीत. साम्राज्यवादाविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाला आपल्या वस्तीचा हा पाया झाकून टाकणं सोपं होतं. त्यांनी तो झाकला नाही, हे मला या पुस्तकाचं सर्वांत मोठं बळ वाटतं.

आज हे वाचायची गरज जास्त आहे. दर एक जानेवारीला आपल्या फोनवर भीमा कोरेगाव येतं. एका बाजूनं 'पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार', दुसऱ्या बाजूनं 'इंग्रजांचे चाकर'. आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ मध्ये या लढाईभोवतीच्या मिथकावर टीका केली, तेव्हा त्यांच्यावर आपल्याच माणसांचा रोष ओढवला. स्तंभावरची '-नाक'नं संपणारी नावं खरी आहेत, त्यांच्यापुढे उभं राहून मान लवते, यात गैर काहीच नाही. पण त्या नावांना पुढे घर नाही. रायनाक, एसनाक अशा नावांच्या माणसांची बायको कुठे राहिली, पोरगा शिकला का, हे दगड सांगत नाही. एका दिवसाची लढाई आणि साठ-सत्तर वर्षांची पेन्शन यांत घर घडवलं ते दुसरीनं. 'चाकर' म्हणणाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न आहे: माझ्या पणजोबांनीही इंग्रजांचाच पगार घेतला. त्यांच्या फोटोखाली कुणी 'चाकर' लिहीत नाही.

दासगावचं बंदर, २५ डिसेंबर

वस्तीचा इतिहास पुढे कुठे जाऊन मिळतो, हे पाहायचं तर १९२७ साल घ्यावं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात झाला होता. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. पाणी मात्र कुणी पिऊ देत नव्हतं. मोरे आंबेडकरांकडे जाऊन महाडला परिषद घ्या म्हणून मागे लागले होते. ती मार्चमध्ये झाली. वीस मार्चला माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्या गर्दीत महायुद्धाहून परत आलेले सैनिक होते. सवादचे सुभेदार विश्राम गंगाराम सवादकर यांच्यासारखे निवृत्त फौजी या चळवळीत होते. महाड आणि पोलादपूरच्या मधल्या सवादचं नाव त्यांच्या आडनावातच आहे. उलट वार करणं त्यांना कठीण नव्हतं. आंबेडकरांनी हात उचलू दिला नाही, आणि या माणसांनी तो उचलला नाही. 'लढवय्या जाती'च्या सिद्धांताला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला. आंबेडकर मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले आणि २५ तारखेला उतरले ते दासगावच्या बंदरावर. तिथे हजारो सत्याग्रही वाट बघत होते. तिथून सगळे चालत महाडला गेले आणि त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. कंपनीचं जुनं बंदर, पेन्शनरांची वस्ती आणि ही पायपीट एका रेषेत आलेली बघितली, की घराण्याचा इतिहास हा फक्त घराण्यापुरता राहत नाही. तळ्याचा खटला पुढे मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. म्हणजे शेवट पुन्हा कागदानंच झाला.

कुठे कमी पडतं

पुस्तकावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला वाचकांवर जास्त आहे. हे आत्मचरित्र लिहिलं गेलं 'बलुतं' (१९७८) यायच्या आधी, पण छापलं गेलं नंतर. तोवर दलित आत्मकथन कसं वाचायचं, याची सवय आपल्याला लागून गेली होती. आपण त्यात भूक आणि अपमान शोधतो. मोरे मात्र पगार, शाळा, सभा, वर्गणी यांविषयी लिहितात, आणि या सवयीमुळे ते 'कोरडं' वाटू शकतं. मला तसं वाटत नाही, पण पहिल्यांदा वाचणाऱ्यानं चिकाटी ठेवावी.

दुसरा आक्षेप पुस्तकावरच आहे. पेन्शन पुरुषाच्या नावानं येते आणि तिच्यामागे लिहिलेला इतिहासही पुरुषांच्या वाटेनं चालतो. माणूस दूरच्या छावणीत असताना दासगावचं घर कुणी चालवलं, याचा मला पुरेसा पत्ता लागत नाही. गंमत म्हणजे २००३ सालीच ऊर्मिला पवारांचं 'आयदान' आलं. तेही कोकणातलंच, आणि त्यात बायकांचे कष्ट हाच कणा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे चळवळीतल्या बायकांच्या मुलाखतींचं पुस्तकही सोबत ठेवावं. ही तीन पुस्तकं एकत्र वाचली की मोऱ्यांच्या दासगावात मागच्या दारानंही शिरता येतं.

काय विचारायचं

आमच्या धंद्यात सिस्टिम बंद पडली की आम्ही लॉग वाचतो. लॉगमध्ये पराक्रम नसतो. कोण कधी आलं, काय मागितलं, काय मिळालं, कुठे नकार आला, एवढ्याच ओळी असतात, आणि खरी गोष्ट त्यातच सापडते. घराण्याचा इतिहास असाच वाचायला हवा, हे मला मोऱ्यांच्या पुस्तकानं दाखवलं.

त्याला घाई करायला हवी. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये घरंच्या घरं पाण्याखाली गेली, पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. माळ्यावरच्या ट्रंकेतली पेन्शनबुकं, डिस्चार्जचे दाखले, जुने अर्ज असल्या पाण्यात टिकत नाहीत. हातात चांगला कॅमेरा असलेली आपली पहिली पिढी आहे. फोटो काढायला एक रविवार पुरेल.

आणि घरात कुणी नव्वदीचं माणूस असेल, तर फोटोतल्या फौजीबद्दल लढाईचं नंतर विचारा. आधी हे विचारा: सुटल्यावर ते राहायला कुठे गेले? गावात का नाही गेले, किंवा गेले तर कुणाच्या जिवावर? पेन्शन आणायला किती चालावं लागे? त्या पैशांतून आधी काय घेतलं, पाटी की बैल? आणि गावातल्या कोणत्या पाणवठ्यावर घागर बुडवता येत होती? आमच्या ग्रुपवर मी यातला शेवटचा प्रश्न टाकला आहे. पलटणीच्या नंबरावर रात्रभर वाद घालणारी माणसं त्यावर दोन दिवस गप्प आहेत. एका आत्यानं तेवढं लिहिलं, 'आमची विहीर वेगळी होती. त्यांची कुठे होती, ते कधी विचारलंच नाही गं कुणी.'